संत ऑगस्टिन : पश्चात्तापाची अखेरची वर्षे

ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेला संत मोनिका यांचा आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, त्यांचे पुत्र संत ऑगस्टिन यांचा सण ख्रिस्तसभा साजरा करते. या दोन दिवसांच्या प्रवचनांतून मायलेकरांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाट चुकलेला मुलगा, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी आई, मिलान शहरातील ती बाग आणि अखेर झालेले परिवर्तन. कथा येथे संपते व आपण समाधानाने घरी परततो. परंतु त्या बागेत ऑगस्टिन यांचे हृदयपरिवर्तन झाले तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी ४४ वर्षे जगले.

त्या ४४ वर्षांचे काय? पापांची क्षमा झाली तरी खंत कुठे जाते? आमच्या मते हा प्रश्न तरुणांपेक्षा उतारवयातील भाविकांना अधिक छळतो. ज्या पापाची क्षमा चाळीस वर्षांपूर्वी मिळाली तेच पाप प्रायश्चित्त संस्कारात पुन्हा पुन्हा सांगणारे आजी-आजोबा बहुतेक धर्मगुरूंच्या परिचयाचे असतात. जमिनीच्या वादातून भावाशी धरलेला अबोला, आणि आता तो भाऊच हयात नाही, अशा गोष्टी रात्री झोप लागू देत नाहीत. म्हणून या लेखात आम्ही तरुण ऑगस्टिनकडे ओझरते पाहून वृद्ध ऑगस्टिनकडे वळणार आहोत.

ऑगस्टिन यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये १३ नोव्हेंबर रोजी उत्तर आफ्रिकेतील थगास्ते या गावी झाला. आजच्या अल्जेरियातील सूक अहरास ते हेच. वडील पॅट्रिशियस बेताच्या परिस्थितीचे, आई मोनिका श्रद्धाळू. मुलगा बुद्धीने तल्लख असल्यामुळे त्याला शिक्षणासाठी कार्थेज या मोठ्या शहरात पाठवण्यात आले. तेथे सतराव्या-अठराव्या वर्षी त्यांनी एका स्त्रीबरोबर संसार थाटला. तिच्यापासून त्यांना अदेओदातुस हा पुत्र झाला. मनी याने स्थापन केलेल्या पंथात ते नऊ वर्षे राहिले. वक्तृत्वाचे अध्यापक म्हणून त्यांनी नाव कमावले, आणि ३८३ साली रोमला जाण्याचे ठरवले.

आई सोडायला तयार नव्हती. ती बंदरापर्यंत त्यांच्या मागोमाग आली. तेव्हा आपण केवळ एका मित्राला निरोप देण्यासाठी थांबलो आहोत असे खोटे सांगून ऑगस्टिन यांनी तिला संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरात रात्रभर मुक्काम करायला लावले, आणि त्याच रात्री जहाजात बसून ते निघून गेले. सकाळी मोनिका किनाऱ्यावर आली तेव्हा जहाज दिसेनासे झाले होते. बाईने पुढे समुद्र ओलांडून मुलाला गाठले, ही गोष्ट वेगळी. मुलाला मात्र ही फसवणूक विसरता आली नाही. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी ती जगासमोर लिहून ठेवली.

दुसरी जखम त्याहून खोल होती. मिलानमध्ये ऑगस्टिन यांना मोठ्या पदाची आशा होती, आणि त्या पदाला शोभेल अशा श्रीमंत घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह ठरवण्यात आला. या ठरावात मोनिकाचाही पुढाकार होता, हे आपण प्रवचनांत सहसा सांगत नाही. ज्या स्त्रीने सुमारे १५ वर्षे त्यांच्याशी एकनिष्ठ राहून संसार केला होता तिला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. आयुष्यात दुसऱ्या कोणाही पुरुषाशी संबंध ठेवणार नाही असा नवस करून आणि मुलाला बापाजवळ ठेवून ती गेली. वाग्दत्त वधू अजून लहान असल्यामुळे दोन वर्षे थांबणे भाग होते. तेवढाही धीर न निघून ऑगस्टिन यांनी मधल्या काळासाठी आणखी एका स्त्रीला घरात आणले. तो ठरलेला विवाह मात्र कधीच झाला नाही.

३८६ सालच्या उन्हाळ्यात हृदयपरिवर्तन झाले. पुढच्या वर्षी पास्काच्या रात्री मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टिन आणि अदेओदातुस या पितापुत्रांना स्नानसंस्कार मिळाला. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिकाचे ५६ व्या वर्षी निधन झाले. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात अदेओदातुसही वारला. तो सतरा वर्षांच्या आसपास होता. ज्यांच्याकडे पाहून जुन्या चुका भरून काढाव्यात अशी तिन्ही माणसे, आई, मुलगा आणि मुलाची आई, पस्तिशीच्या उंबरठ्यावरच ऑगस्टिन यांच्या आयुष्यातून नाहीशी झाली होती.

३९१ साली ते हिप्पो या बंदराच्या शहरी, म्हणजे आजच्या अन्नाबा येथे, गेले असता तेथील भाविकांनी त्यांना अक्षरशः धरून वृद्ध बिशप वालेरियस यांच्यासमोर उभे केले. त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षांतच ते बिशप झाले आणि मरेपर्यंत त्याच शहरात राहिले. त्यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाचे लेखन बिशपपदाच्या आरंभीच्या वर्षांतले, साधारण ३९७ ते ४०१ या काळातले. वयाच्या सोळाव्या वर्षी शेजाऱ्याच्या झाडावरून चोरलेल्या नासपतींपासून आईशी बोललेल्या त्या खोट्यापर्यंत सर्व काही त्यात आहे. बिशपने आपली पापे अशा प्रकारे उघडी करावीत याचे तेव्हाही अनेकांना आश्चर्य वाटले असेल. त्यांचे विरोधक तर जुन्या आयुष्यावरून त्यांना टोमणे मारतच होते.

एक गोष्ट मात्र त्या ग्रंथात सापडत नाही. अदेओदातुसच्या आईचे नाव ऑगस्टिन यांनी लिहिले नाही. तिला पाठवून दिल्यावर आपले काळीज कसे फाटले हे त्यांनी लिहिले. तिच्या काळजाविषयी, तिने केलेल्या नवसाखेरीज, काही लिहिले नाही. तिचे नाव राखण्यासाठी ते मौन होते की आणखी कशासाठी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हांला ते मौन खटकते.

पण ४०१ सालच्या सुमारास लिहिलेल्या, विवाहाच्या चांगुलपणाविषयीच्या त्यांच्या एका छोट्या ग्रंथात एक परिच्छेद आहे, आणि तो वाचताना मन थबकते. एखादा पुरुष एका स्त्रीला केवळ आपल्या प्रतिष्ठेला साजेशी वधू मिळेपर्यंत जवळ ठेवत असेल तर तो मनाने व्यभिचारी होय, आणि हा व्यभिचार त्या नव्या वधूशी नसून ज्या स्त्रीबरोबर तो राहत होता तिच्याशी होय, असे ऑगस्टिन तेथे म्हणतात. ती स्त्री मात्र त्याच्याशी एकनिष्ठ राहिली आणि त्याच्यानंतर तिने विवाहाचा विचारही केला नाही, तर तिला व्यभिचारिणी म्हणायला आपली जीभ सहज धजणार नाही, असेही ते लिहितात. हे आपल्याविषयी आहे असे ते सांगत नाहीत. सांगण्याची गरजही नव्हती. त्या काळच्या रोमन समाजात अशा पुरुषाला कोणी दोष देत नसे, सगळा कलंक स्त्रीच्या वाट्याला येई. पन्नाशीकडे झुकलेल्या या बिशपने तो दोष उचलून पुरुषावर ठेवला. ती स्त्री त्या वेळी हयात होती का, असल्यास तिच्या कानी हे गेले का, याची कुठेही नोंद नाही.

खंत केवळ तारुण्यातील पापांची असती तर ऑगस्टिन यांचे वार्धक्य कदाचित शांत गेले असते. उतारवयात, सर्व अनुभव गाठीशी असताना, त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. हिप्पोपासून ४० मैलांवर फुस्साला नावाचे ठिकाण होते. तेथील लोक डोनाटसपंथातून नुकतेच ख्रिस्तसभेच्या ऐक्यात आले होते. त्या कामासाठी आधी पाठवलेल्या धर्मगुरूंना लुटण्यात व मारहाण करण्यात आले होते, काहींचे डोळे गेले, काहींचे प्राण गेले. अशा ठिकाणी प्यूनिक भाषा जाणणारा बिशप नेमावा म्हणून ऑगस्टिन यांनी एका धर्मगुरूची निवड केली व दीक्षा देण्यासाठी प्रांतातील ज्येष्ठ बिशपांना दूरवरून बोलावले. ऐनवेळी त्या धर्मगुरूने नकार दिला. वृद्ध पाहुण्याला रिकाम्या हाती परत पाठवणे ऑगस्टिन यांच्या जिवावर आले. त्यांनी आपल्याच मठात लहानाचा मोठा झालेला अंतोनिनुस नावाचा तरुण पुढे केला. तो विशीतला, केवळ वाचकपदावर असलेला, कोणत्याही जबाबदारीत पारखून न घेतलेला मुलगा होता.

या तरुण बिशपने फुस्साला येथील गरीब लोकांना अक्षरशः नागवले. त्याने पैसे, धान्य, गुरेढोरे, जमिनी लुबाडल्या आणि हिसकावलेल्या सामानातून स्वतःसाठी घर बांधले. तक्रारी आल्या, बिशपांची सभा बसली, लुटलेले परत करावे आणि फुस्सालावरील अधिकार सोडावा असा निवाडा झाला, मात्र बिशपपद काढून घेण्यात आले नाही. अंतोनिनुसने रोमकडे दाद मागितली. तेव्हा पोप सेलेस्टिन यांना लिहिलेल्या पत्रात ऑगस्टिन यांनी सारवासारव केली नाही. घाई आपण केली, न पारखलेला माणूस आपण दिला, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आपल्या या चुकीपायी तेथील ख्रिस्तसभेचा नाश झाला तर बिशपपदाचा त्याग करून उरलेले आयुष्य शोकात घालवण्याचा आपला विचार आहे, असेही कळवले. याच प्रकरणी फाबिओला नावाच्या रोममधील प्रतिष्ठित स्त्रीला लिहिलेले त्यांचे दीर्घ पत्र शतकानुशतके अज्ञात होते. योहानेस दिव्याक या ऑस्ट्रियन संशोधकाला फ्रान्समधील हस्तलिखितांत अशी अनेक पत्रे सापडली व ती १९८१ साली प्रकाशित झाली. त्या पत्रातील ऑगस्टिन यांना अंतोनिनुसविषयीही कळवळा आहे. आपणच त्याला या संकटात लोटले, ही बोच त्यांना सोडत नव्हती. इतका मोठा माणूस, सत्तरीच्या घरात, आणि आपण वाढवलेल्या मुलाचे वाटोळे आपल्याच हातून झाले हे लेखी कबूल करतो. ज्यांची मुले हातची गेली आहेत अशा आईबापांनी ते पत्र वाचावे असे आम्हांला वाटते.

४२६ साली २६ सप्टेंबर रोजी हिप्पोच्या मंदिरात भाविक जमले. त्या दिवसाचे इतिवृत्त लेखनिकांनी शब्दशः उतरवून घेतल्यामुळे आजही उपलब्ध आहे. बाल्यात माणूस पुढच्या वयाची आशा करतो, तारुण्यात प्रौढपणाची, परंतु वार्धक्यानंतर आशा करावी असे दुसरे वय नाही, अशा अर्थाने ऑगस्टिन यांनी आरंभ केला आणि आपला उत्तराधिकारी म्हणून एराक्लियस या धर्मगुरूचे नाव जाहीर केले. लोकांनी जयघोष केला. त्यानंतर ऑगस्टिन यांनी आणखी एक जुनी चूक सांगितली. वालेरियस हयात असतानाच आपल्याला बिशपपदाची दीक्षा देण्यात आली होती. एका शहरात एकाच वेळी दोन बिशप असू नयेत असा निसिया येथील धर्मसभेचा नियम असल्याचे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. आपल्या बाबतीत जे चुकले ते एराक्लियसच्या बाबतीत होऊ नये, म्हणून आपल्या हयातीत तो धर्मगुरूच राहील, असे त्यांनी जाहीर केले. अंतोनिनुसच्या वेळची घाईही त्यांना त्या क्षणी आठवत असावी, असा आमचा तर्क आहे.

कामाचा भार थोडा हलका करून त्यांनी जे हाती घेतले ते जगाच्या वाङ्मयात विरळा आहे. ४२६-४२७ या काळात त्यांनी आपले सर्व ग्रंथ एकेक करून पुन्हा वाचले. मोजणी केली तेव्हा ९३ ग्रंथ व त्यांचे २३२ भाग भरले. कोणता ग्रंथ कधी, कशासाठी लिहिला आणि त्यात काय चुकले, याची त्यांनी लेखनक्रमानुसार नोंद केली. या पुस्तकाचे लॅटिन नाव ‘रेत्राक्तात्सिओनेस’. ‘शब्द मागे घेणे’ असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात, पण खरा अर्थ ‘पुन्हा हाती घेऊन पाहणे’ असा आहे. माणसाला प्रत्येक निष्फळ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल, या प्रभू येशूच्या इशाऱ्याचे आपल्याला भय वाटते आणि आपण तर आयुष्यभर अफाट बोललो व लिहिले, असे कारण त्यांनी प्रारंभीच दिले आहे.

हे पुस्तक कंटाळवाणे असेल असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. आत्म्याच्या अमरत्वावरील आपला तरुणपणचा ग्रंथ इतका क्लिष्ट आहे की वाचताना आपल्यालाच शीण येतो आणि जेमतेम समजतो, असे ते सांगून टाकतात. आरंभीच्या लेखनात ‘दैव’ हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला, लोक त्याला देवता समजतात हे ठाऊक असून वापरला, याची त्यांना खंत आहे. प्लेटोची स्तुती प्रमाणाबाहेर झाली, हेही ते नोंदवतात. असत्य भाषणावरील एक पुस्तक फार गुंतागुंतीचे झाले म्हणून नष्ट करायला सांगितले होते. ते तसेच राहून गेलेले आढळले, तेव्हा त्यातही काही उपयोगाचे आहे म्हणून ते ठेवले. ‘कन्फेशन्स’विषयी मात्र ते लिहितात की लिहिताना ज्या ग्रंथाने आपले मन देवाकडे वळवले तो आजही तसेच वळवतो. एक जागा मात्र त्यांना खटकली. तरुणपणी एका जिवलग मित्राच्या मृत्यूने आपण कोसळलो, आणि आपण मेलो तर तोही पुरता मरेल म्हणून जगत राहिलो, असे त्यांनी त्यात लिहिले होते. म्हातारपणी ती ओळ त्यांना पोकळ शब्दांची आतषबाजी वाटली. पापाची कबुली देतानाही आपण सुंदर दिसण्याचा मोह आवरला नव्हता, हे त्यांनी तीस वर्षांनी ओळखले. तरीही ती ओळ त्यांनी खोडली नाही. जुने पुस्तक तसेच राहू दिले आणि चूक वेगळी लिहिली.

सगळाच हिशेब बरोबर जमला असे आम्ही म्हणणार नाही. तारुण्यात ऑगस्टिन यांचे मत असे होते की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर राजसत्तेचा जोर चालवू नये. डोनाटसपंथीयांशी झालेल्या दीर्घ संघर्षात ते मत बदलले आणि शाही कायद्याच्या बळाचे त्यांनी समर्थन केले. या अखेरच्या पुस्तकात ते आपल्या जुन्या, सौम्य मताचीच दुरुस्ती करतात. तेव्हा अनुभव कमी होता, असे म्हणतात. पुढील शतकांत धर्माच्या नावाने बळजबरी करणाऱ्यांनी ऑगस्टिन यांच्या नावाचा आधार घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याने त्या बाबतीत वेगळाच मार्ग दाखवला. आपल्या चुका शोधायला बसलेला संतही एखाद्या ठिकाणी चुकीची बाजू बरोबर समजू शकतो. मनाचा शोध प्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही स्वतःचे सर्व काही दिसतेच असे नाही.

पत्रे आणि प्रवचने यांचीही अशीच तपासणी करायची होती, पण वेळ पुरला नाही. इटलीतील बिशप जुलियन यांनी त्यांच्या विरोधात आठ भागांचा ग्रंथ लिहिला होता, त्याला उत्तर देणे आले. एक काम दिवसा व एक रात्री असे त्या दिवसांत चालले असल्याचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे.

४२९ साली गाइसेरिकच्या नेतृत्वाखाली व्हँडल टोळ्या स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरल्या. गावे जळाली, मंदिरे ओस पडली. ४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला, तो पुढे १४ महिने टिकला. आसपासचे अनेक बिशप आश्रयाला शहरात आले होते. त्यांत कलामाचे बिशप पोसिडियस होते. सुमारे ४० वर्षे ऑगस्टिन यांच्या स्नेहात राहिलेल्या या शिष्याने पुढे त्यांचे चरित्र लिहिले, आणि अखेरच्या दिवसांची हकीकत आपल्याला त्याच चरित्रातून कळते. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिन तापाने अंथरुणाला खिळले. कोणी तरी एका आजाऱ्याला त्यांच्याकडे घेऊन आला आणि त्याच्यावर हात ठेवण्याची विनंती केली. तशी शक्ती असती तर आधी स्वतःवरच वापरली नसती का, असे ऑगस्टिन यांनी विचारले. पण त्या माणसाला स्वप्नात तसा आदेश झाला होता म्हणे. मग ऑगस्टिन यांनी हात ठेवला, आणि तो माणूस बरा होऊन गेला.

पोसिडियस सांगतात की स्नानसंस्कारानंतर कितीही चांगले जीवन जगलेल्या भाविकाने, अगदी धर्मगुरूनेही, योग्य पश्चात्तापाशिवाय देह ठेवू नये असे ऑगस्टिन त्यांच्याशी बोलताना नेहमी म्हणत. आता त्यांनी तसेच केले. राजा दावीदची पश्चात्तापाची स्तोत्रे, मोजकीच, त्यांनी कागदांवर उतरवून घेतली. ते कागद बिछान्यासमोरील भिंतीवर लावण्यात आले. पडल्या पडल्या ते वाचत आणि अखंड रडत. मृत्यूच्या सुमारे दहा दिवस आधी त्यांनी सांगितले की वैद्य येतील तेव्हा आणि जेवण आणले जाईल तेव्हाच दार उघडावे, एरवी कोणी आत येऊ नये. सर्वांनी ते पाळले.

ते अश्रू अविश्वासाचे होते असे कोणी म्हणू शकेल. देवाच्या कृपेविषयी ज्यांनी आयुष्यभर लिहिले, कृपा हीच सर्व काही असे जे जुलियनला मरेपर्यंत पटवत राहिले, त्यांचा त्या क्षमेवर भरवसा नव्हता हे आम्हांला संभवनीय वाटत नाही. भिंतीवर त्यांनी आपल्या पापांची यादी लावली नव्हती. स्तोत्रे लावली होती, म्हणजे देवाशी बोलण्याचे शब्द लावले होते. तेच पाप प्रायश्चित्त संस्कारात पुन्हा सांगणाऱ्या आमच्या आजी-आजोबांना यातून काही धीर मिळावा.

२८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, कारण नावावर काहीच नव्हते. मंदिराचे ग्रंथालय आणि त्यातील सर्व हस्तलिखिते पुढच्या पिढ्यांसाठी जपावीत एवढीच आज्ञा त्यांनी ठेवली होती. पुढच्या वर्षी वेढा उठला, पण शहर लोकांनी सोडले आणि शत्रूने ते जाळले. ग्रंथालय मात्र वाचले. जुलियनला दिलेले उत्तर सहाव्या भागापर्यंत येऊन अपुरे राहिले होते. पोसिडियस यांनी चरित्राला सर्व ग्रंथांची यादी जोडली, आणि त्या यादीत ते चुका मांडणारे पुस्तकही आहे.